डिस्कांची भिशी

काही माणसांचा देवावर विश्वास नसतो, काहींचा डॉक्टरवर नसतो. माझा भिशीवर नाही. आमच्या घरात हे मत मोठ्याने मांडायची सोय नाही, कारण आमच्या सौभाग्यवती गेली अकरा वर्षे एका भिशीच्या खजिनदार आहेत आणि मी बँकेत कारकून असल्यामुळे त्या भिशीची वही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मलाच तपासावी लागते. पण तत्त्व म्हणून सांगतो : बारा जणींचे पैसे एका डब्यात पडले की ते कुणाचेच राहात नाहीत, ते डब्याचे होतात. डबा शाबूत तोवर भिशी शाबूत. डबा गेला की बारा बायका आणि बारा नवरे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

हे सगळे मला ठाऊक होते. मी बी.कॉम. आहे, तेही सेकंड क्लासमध्ये. बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे घासली आहेत. आणि तरीही २०१९ साली मी घरच्या तीन हार्डडिस्कांची भिशी लावली. ती बुडाली. हा लेख त्या बुडीत खात्याविषयी आहे. आणि ज्या शहाण्या मंडळींनी मला त्या भिशीत बसवले त्यांच्याविषयी माझे काय मत आहे, तेही यात सभ्य शब्दांत सांगायचे आहे. सभ्य शब्द पुरतील की नाही, ते शेवटी कळेल.

मुळात बँकेतल्या माणसाला घरी सर्व्हर कशाला हवा, असे तुम्ही विचाराल. रास्त आहे. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य मी नोकरीत जितक्या वेळा उच्चारले असेल तितक्या वेळा रामनाम घेतले असते तर एव्हाना आमच्या शाखेबाहेर माझे देऊळ झाले असते. पण याला कारण आमचे अप्पा.

अप्पांना टेपरेकॉर्डरचे वेड होते. १९८३ साली त्यांनी सोसायटीतून कर्ज काढून टू-इन-वन घेतला. इतर लोक त्यावर नाट्यगीते भरून आणत. अप्पांनी त्यात घर भरले. कुणी पाहुणा आला की दोघांच्या मध्ये चहा आणि टेपरेकॉर्डर एकदमच यायचा. एकेचाळीस कॅसेटी. प्रत्येकीवर अप्पांच्या मोत्यासारख्या अक्षरात नोंद : ‘एकोणतीसचा पाढा, चि. बाळ, दोन ठिकाणी चुकला.’ ‘नानांचे घोरणे, दुपार.’ आणि सतरा नंबरवर : ‘जाते. आई आणि सौ. पहाटे. वीज नव्हती, सेलवर.’ आई म्हणजे माझी आजी आणि सौ. म्हणजे माझी आई. दोघी जात्यावर बसून ओव्या म्हणताहेत, अशी ती कॅसेट.

अप्पा गेले, मागून आईही गेली. मग मी आणि चिरंजीवांनी त्या सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवायला घेतल्या. ज्यांनी हे केले नाही त्यांना सांगतो, साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठच मिनिटे लागतात. विज्ञान त्यात काही सूट देत नाही. तीन महिने रोज संध्याकाळी घरात नाना घोरत होते. सगळे मिळून झाले तीस जीबी. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे याच आकड्याने माझे दात घशात घातले.

त्या सुमारास आमचे भाचेराव पुण्याहून आले. हे हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि सुट्टीला साताऱ्यात आले की कंदी पेढ्यांच्या बदल्यात आम्हाला सल्ले देतात. माझ्या टेबलावर तीन डिस्का पाहून ते हसले. एक टीबीची, एक दोनची, एक चारची. जशी ऐपत होती तशा घेतलेल्या.

“मामा, अजून ही फाईल कुठल्या डिस्कवर आहे ते शोधत बसता? पूल करा, पूल!”

सातारच्या माणसाला पूल म्हटले की कृष्णेवरचा आठवतो. मी म्हटले, “कसला पूल?”

मग भाचेरावांनी समजावले. आमचा माळ्यावरचा जुना संगणक खाली काढायचा, त्यात लिनक्स घालायचे, तिन्ही डिस्का एकापुढे एक जोडून त्यांचा एकच मोठा डबा करायचा, आणि घरातल्या सगळ्यांनी सगळे त्यात टाकायचे. या विद्येचे नाव एलव्हीएम. “सात टीबी, मामा! कुठे काय ठेवलं ते विसरून जायचं.”

विसरून जायचे, हे वाक्य कुणी बँकेत उच्चारले असते तर मी त्याला व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये पाठवला असता. पण घरी माणूस भोळा असतो. त्याच रात्री पूल झाला. सात टीबीऐवजी पडद्यावर ६.४ दिसले, तेव्हा मी दचकलो. भाचेराव म्हणाले, “कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या.” मी समजलो. आमच्याकडे याला मूळस्थानी करकपात म्हणतात.

नंतरची तीन वर्षे सुखाची गेली. सुखाची वर्षे अशीच असतात. त्यांत माणूस पुढच्या दुःखाची तयारी करीत असतो आणि त्याला ते माहीत नसते. सौभाग्यवतींच्या माहेरची सात लग्ने आणि तीन मुंजी, पूर्ण चित्रफितींसह, त्या डब्यात जाऊन पडल्या. चिरंजीवांनी आपल्या मोबाईलवरचे क्रिकेट त्यात ओतले. कॅसेटींचे तीस जीबी कोपऱ्यात कुठेतरी होते. आणि २०२० च्या दिवाळीत, साफसफाईच्या भरात, मी स्वतःच्या हाताने त्या एकेचाळीस कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. “आता सर्व्हरवर आहे की सगळं,” हे माझेच शब्द. भंगारवाल्याने त्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाला, “साहेब, याला काय भाव नाही.” वर्तमानपत्रांच्या रद्दीवर त्या फुकट गेल्या.

२०२२ साली, गणपतीच्या आठवड्यात, संगणकातून ‘टक्... टक्... टक्...’ असा आवाज येऊ लागला. मला वाटले टाळ. ती मधली, दोन टीबीची डिस्क होती. संध्याकाळच्या आरतीपर्यंत आवाजही थांबला.

तीन वह्या एका दोऱ्याने शिवून वर एकच अनुक्रमणिका लावली आणि मधली वही जळाली तर काय होईल? पहिली आणि तिसरी शाबूत आहेत, पण कुठल्या मजकुराचा कुठला तुकडा कुठे होता ते सांगणारे कुणी उरत नाही. एकाच फाईलचे धड एका डिस्कवर आणि पाय दुसरीवर. डबा उघडेचना. भाचेरावांना फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला :

“मामा, बॅकअप कुठाय?”

“कसला बॅकअप? तूच म्हणालास ना, सगळं सर्व्हरवर ठेवा म्हणून!”

“अहो मामा, पूल म्हणजे बॅकअप नव्हे.”

हे वाक्य नीट बघा. वाक्य शंभर टक्के खरे आहे. पण ते नेहमी पूल पडल्यावरच ऐकू येते. पूल बांधताना कुणी म्हणत नाही. विम्याच्या कागदावर जे बारीक अक्षरात असते आणि माणूस मेल्यावर विधवेला वाचून दाखवतात, त्यातले हे वाक्य आहे. माझे पहिले भांडण या वाक्याशी नाही, त्याच्या वेळेशी आहे.

एका सुटीभर धडपड करून, हरवलेल्या फाईली हुडकणाऱ्या प्रोग्रामने उरलेल्या दोन डिस्कांवरून बरेच काही उपसून काढले. नावे गेलेली, तारखा गेलेल्या, नुसते नंबर. एकेचाळीसपैकी सव्वीस कॅसेटी परत मिळाल्या. नाना मिळाले, घोरणे अखंड आहे. एकोणतीसचा पाढाही मिळाला, दोन्ही चुकांसकट. सात लग्नांपैकी सहा मिळाली, आणि खोटे कशाला बोलू, सातवेही मिळाले असते तरी मी रडलो असतोच असे नाही. सतरा नंबर मिळाली नाही.

आता रागाचे मूळ सांगतो. सात टीबीच्या त्या डब्यात ज्याच्यासाठी डोळ्यांत पाणी यावे असा ऐवज होता फक्त तीस जीबीचा. तीस जीबी तर बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावतात, आणि तो पोवई नाक्यावर दोन माणसांच्या नाश्त्याच्या पैशांत मिळतो. मी दागिने आणि वर्तमानपत्रांची रद्दी एकाच पोत्यात भरून पोते माळ्यावर टाकले होते, आणि वरून पोते केवढे मोठे आहे म्हणून शेजाऱ्यांना दाखवीत होतो.

त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास केला. कारकून चिडला की अभ्यास करतो. अधिकारी चिडला की परिपत्रक काढतो. आणि अभ्यासाअंती माझे जे मत झाले ते आता कलमवार मांडतो. ज्यांना झोंबेल त्यांनी खुशाल चिडावे.

पहिले म्हणजे रेड. हा रंग नव्हे. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक लहान डिस्का जुंपा, आणि त्यांतली एखादी मेली तरी काम चालू राहील असे काही जास्तीचे त्यांत लिहून ठेवा, असे त्यांचे म्हणणे. रेडमधला ‘आय’ म्हणजे तेव्हा ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, स्वस्त. पुढे धंदेवाल्यांनी त्याचा ‘इंडिपेंडंट’, स्वतंत्र, केला. स्वस्त जाऊन स्वतंत्र आले की भाव वाढतो, हे आपल्याला ठाऊक आहेच.

यातली आरशाची पद्धत म्हणजे शुद्ध कार्बन कॉपी : एक पावती लिहा, खाली दुसरी आपोआप. पॅरिटीची पद्धत म्हणजे आमची बेरीज. तीन खात्यांच्या शिलका आणि चौथ्या कागदावर तिघांची बेरीज. एका खात्याचे पान उंदराने खाल्ले तर बेरजेतून उरलेल्या दोन वजा करा, गेलेला आकडा समोर हजर. संगणकातले गणित थोडे निराळे, पण मर्म हेच. उंदराने दोन पाने खाल्ली तर मात्र एका बेरजेने भागत नाही.

हे सगळे बुद्धीचे काम आहे, मी त्याला नमस्कार करतो. पण त्याचा हेतू काय? डिस्क मेली तरी कचेरी बंद पडू नये, हा. आमच्या घराला कचेरी नाही. दोन दिवस लग्नाची चित्रफीत दिसली नाही तर आमच्याकडे कुणाचा चेक परत जात नाही. आणि कार्बन कॉपीवर चूकही छापली जाते. चिरंजीवांनी चुकून एखादा फोल्डर उडवला तर आरशातल्या चिरंजीवांनीही तो त्याच क्षणी उडवलेला असतो.

दुसरे झेडएफएस. हा सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने घडवून २००५ साली जगासाठी खुला केलेला ऑडिटर. ऑडिटर अशासाठी म्हणतो की हा प्रत्येक तुकड्याची पडताळणीची बेरीज वेगळी ठेवतो आणि वाचताना दर वेळी ताडून पाहतो. डिस्क न मरता, गुपचूप एखादे अक्षर बदलून खोटे बोलू लागली तर हा तिला पकडतो. एवढा प्रामाणिक माणूस आमच्या शाखेत आला असता तर त्याची तीन महिन्यांत बदली झाली असती. भाचेराव आता याचे भक्त झाले आहेत. एलव्हीएमचे नाव काढले की ते विषय बदलतात.

मला झेडएफएसविषयी आदर आहे. पण ऑडिटर घरी राहायला आला तर काय होते? परवान्याच्या भानगडीमुळे तो लिनक्सच्या मूळ गाभ्यात नाही; बाहेरून आणून बसवावा लागतो. त्याच्या पॅरिटीच्या गटात लहानमोठ्या डिस्का बसवल्या तर सगळ्यांना सर्वांत लहान डिस्कएवढीच जागा मिळते : एक, दोन आणि चारच्या पंगतीत सगळ्यांची पात्रे एकच्या मापाची. तशा गटात नंतर एखादीच डिस्क वाढवायची सोय २०२५ साली, २.३ या आवृत्तीत आली. तोपर्यंत पंगत वाढवायची तर नवी पंगतच मांडा. ज्या घरात बोनस झाला की एक डिस्क येते, त्या घराने काय करायचे? आणि अशा गटातली एक डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तर ती एकटी एक फाईलही वाचून दाखवत नाही.

तिसरे बीटीआरएफएस. हे २००९ सालापासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, मापाच्या बाबतीत सोवळेपणा नाही, आणि दोन डिस्कांवर दोन प्रती ठेवायचे काम ते चोख करते. पण त्यात पॅरिटीच्या ज्या दोन पद्धती आहेत त्यांच्याविषयी त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिले आहे की महत्त्वाच्या कामाला हे वापरू नका. हा प्रामाणिकपणा मला आवडला. वापरले नाही.

आता मी काय वापरतो ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही माझ्यावर टीका करता येईल. मर्जरएफएस आणि स्नॅपरेड अशी ही जोडी आहे. मर्जरएफएस म्हणजे पैसे एकत्र न करता नुसती खिडकी एकत्र करणे. प्रत्येक डिस्कचे पासबुक वेगळे, खाते वेगळे, शिल्लक वेगळी. पण समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला एकच काउंटर दिसतो. एक फाईल अख्खीच्या अख्खी एकाच डिस्कवर राहते. डिस्क उपसून कुठल्याही लिनक्सच्या संगणकाला लावा, ती आपले सगळे सांगते. एक मेली तर तिच्यावरचे जाते, बाकीच्यांचे केसही वाकडे होत नाहीत. भिशी दिसते, पण भिशी नाही.

स्नॅपरेड हा हमीदार. त्याला स्वतंत्र डिस्क द्यावी लागते, आणि ती सर्वांत मोठ्या डिस्कएवढी तरी लागते. हमीदाराची ऐपत कर्जदाराहून कमी चालत नाही, हे आमच्याकडेही तसेच. रोज रात्री तो सगळ्यांच्या शिलका बघून बेरीज लिहून ठेवतो. चिरंजीवांनी दुपारी काही उडवले तर रात्रीची बेरीज व्हायच्या आत ते परत आणता येते. शिवाय तोही पडताळणीची नोंद ठेवतो आणि सांगितले की जुने थोडे थोडे तपासतो. आपण काही न सांगता सोडले तर एका वेळी शेकडा आठ, तेही दहा दिवसांत न तपासलेले. म्हणजे ऑडिट हप्त्याने. कारकुनाला समजेल असा कारभार.

यात खोट नाही असे नाही. रात्रीच्या बेरजेनंतर जे आले त्याला हमी नाही. मधल्या काळात बाकीच्या डिस्कांवरचे काही पुसले किंवा बदलले असेल तर जुनी बेरीज जुळत नाही आणि परत मिळणारे अर्धवट मिळू शकते. जिथे दर मिनिटाला नोंदी बदलतात तिथे हे चालायचे नाही. पण १९८४ साली दळलेले पीठ दर मिनिटाला बदलत नाही.

मांडणी करताना माझी फजिती झाली नाही असे समजू नका. टापकीर गल्लीतून दोन नव्या डिस्का आणल्या, एक साठवणीला आणि एक हमीदार म्हणून. पहिल्या दिवशी मी डिस्कांना संगणकाने दिलेल्या एसडीबी, एसडीसी अशा नावांनी ओळखले. दुसऱ्या दिवशी संगणक चालू केला तर नावांची अदलाबदल! ही नावे ज्या क्रमाने डिस्का जाग्या होतात त्या क्रमाने मिळतात. गावात तीन पाटील असले तर आपण नावावर पैसे देतो का? खातेक्रमांक बघतो. प्रत्येक डिस्कला तसा लांबलचक क्रमांक असतो, तो लिहायचा.

तिसऱ्या दिवशी एका डिस्कची तार निसटली, आणि तिच्या नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे भलत्याच लहान डिस्कवर, फाईली मुकाट्याने जमा होत राहिल्या. काउंटर बंद आहे हे न कळता लोकांनी टेबलाखाली पैसे टाकावेत, तसे. आता ते रिकामे फोल्डर मी कुलूपबंद करून ठेवले आहेत. खरी डिस्क वर बसल्याशिवाय तिथे काही लिहिताच येत नाही.

चौथ्या दिवशी दोन टीबी मोकळे असताना ‘जागा नाही’ असा निरोप आला. एका समारंभाचे फोटो एकाच डिस्कवर राहावेत म्हणून मी तसा नियम लावला होता. ती डिस्क भरली आणि नियमाने शेजारच्या डिस्ककडे पाहायला नकार दिला. बावीस वर्षे मी लोकांना पलीकडच्या खिडकीत जा म्हणून सांगतो आहे. त्या दिवशी त्यांना काय वाटत असेल ते कळले.

आता भाचेरावांचा आक्षेप. “मामा, हे हौशी लोकांचं काम आहे. एंटरप्राइझमध्ये असलं चालत नाही.”

अगदी बरोबर. पण आमचे घर म्हणजे एंटरप्राइझ नाही. आमच्याकडे रात्रपाळीचा माणूस नाही. खणात राखीव डिस्क नाही. मी उद्या गेलो तर हा डबा उघडणारा माणूस म्हणजे एक वाणिज्य शाखेचा मुलगा आणि त्याची आई. त्यांना एखादी डिस्क हातात घेऊन, कुणाच्याही संगणकाला लावून, आत काय आहे ते बघता आले पाहिजे. घरगुती साठ्याची माझ्या मते एकच परीक्षा आहे : मांडणारा मेल्यावर उघडतो का? या परीक्षेत जे नापास, ते कितीही वेगवान असो, मला नको.

आणि ‘आधी कळेल की’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो. डिस्कच्या तब्येतीची पत्रिका पाहण्याची सोय असते, तिला स्मार्ट म्हणतात. २००७ साली गूगलच्या लोकांनी आपल्याकडच्या ढीगभर डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांच्या पत्रिकेत मृत्यूच्या चार मुख्य खुणांपैकी एकही नव्हती. पत्रिका जरूर पाहावी. पण पत्रिका पाहून निश्चिंत झालेल्या घरांत पुढे काय होते, ते आपण समाजात पाहतोच.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे. पूल कसा करावा हा दुसरा प्रश्न आहे. तो सगळे जण पहिला विचारतात. पहिला प्रश्न हा की काय गेले तर आपण रडू? ते आधी बाजूला काढा. ते फार थोडे निघते. त्याच्या तीन प्रती करा, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवा. आग आणि पाणी गावाबाहेरचा पत्ता सहसा शोधत नाहीत. उरलेल्या लग्नांचे मग पूल बांधा, धरणे बांधा, माझी हरकत नाही.

हे शहाणपण मला कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही. ताईने शिकवले, तेही नकळत. ताई म्हापशाला असते. कॅसेटी गेल्याचे मी तिला बरेच दिवस सांगितले नव्हते. शेवटी भाऊबीजेला सांगितले. ती काही बोलली नाही. आत गेली, कपाटातून एक जुना, काच फुटलेला फोन काढला, चार्जिंगला लावला, आणि पंधरा मिनिटांनी माझ्यापुढे धरला. चिरंजीवांनी कधीतरी तिच्या वाढदिवसाला सतरा नंबरमधला अकरा मिनिटांचा तुकडा तिला पाठवला होता. “नवा फोन घेतला तेव्हा हा विकायला निघालेले तुझे भावोजी,” ती म्हणाली, “मी म्हटलं, राहू दे, यात आई आहे.”

आवाज दाबलेला, खरखरीत. जाते फिरते आहे. आजी पुढे म्हणते, आई मागून उचलते. आणि अकराव्या मिनिटाला आई हळू आवाजात अप्पांना म्हणते, “अहो, पुरे करा आता ते. पोर उठेल.” ते पोर म्हणजे मी. मग खटक्याचा आवाज, आणि संपले.

सात टीबीच्या पुलाला जे जमले नाही ते एका फुटक्या फोनने केले. त्याला पॅरिटी नव्हती, पडताळणी नव्हती, आरसा नव्हता. तो फक्त दुसऱ्या घरी होता, आणि त्यात काय आहे हे त्या घरातल्या माणसाला माहीत होते.

तेव्हापासून भाऊबीजेला मी ताईच्या ताटात ओवाळणी म्हणून एक डिस्क घालतो आणि गेल्या वर्षीची परत घेऊन येतो. भावोजींना हा प्रकार पसंत नाही. त्यांच्या मते ओवाळणी परत न्यायची पद्धत कुठल्याच प्रांतात नाही. घरी आणलेली डिस्क मी संगणकाला लावतो आणि पडताळणीचे आकडे जुळले तरी ती अकरा मिनिटे कानांनी ऐकतो. ऑडिट ऑडिटच्या जागी.

हा लेख लिहून झाल्यावर पहिला श्रोता म्हणून मी सौभाग्यवतींना वाचून दाखवला. भिशीविषयीचा सुरुवातीचा भाग वगळून दाखवावा असा विचार होता, पण ओघात वाचला गेला. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, “डबा गेला तर, म्हणे! अहो, आमच्या भिशीची दुसरी वही पहिल्यापासून पलीकडच्या काकूंकडे असते. पैसे जमले की त्याच संध्याकाळी जिचा नंबर तिला देऊन टाकतो, डब्यात रात्रभर राहातच नाहीत. आणि दर महिन्याला दोन्ही वह्या ताडून बघतो आम्ही. तुम्हाला काय वाटलं, तुम्ही एक वही तपासता त्याच्यावर अकरा वर्षं भिशी चालली?”

मी वही मिटली आणि ‘हिशेब बरोबर आहे’ असे लिहून खाली सही केली.